वाढ नसलेल्याचा वाढदिवस : मिकी माउस आणि चाहत्यांची चित्रे

१

कल्पित पात्राला वाढदिवस असू शकतो काय, हा प्रश्न समीक्षेने सहसा विचारलेला नाही. कादंबरीतील पात्राची जन्मतारीख कथानकात दिलेली असली, तर ती त्या कथानकापुरती खरी असते. शेरलॉक होम्सचा वाढदिवस ६ जानेवारीला मानून एकत्र जमणारे भक्त अमेरिकेत गेली अनेक दशके आहेत. पण त्यांचा उत्सव भोजनाचा आणि लटक्या पांडित्याचा असतो. होम्सला नव्याने घडवून तो होम्सलाच अर्पण करावा, असे त्यात काही नसते. कार्टूनमधील प्राण्यांच्या बाबतीत मात्र नेमके हेच घडते. १८ नोव्हेंबरला मिकी माउसचे, ९ जूनला डोनल्ड डकचे, २७ जुलैला बग्ज बनीचे, २३ जूनला सॉनिक या निळ्या हेजहॉगचे चित्र काढून चाहते ते त्या पात्राला भेट म्हणून देतात. ज्याला द्यायचे तो आणि जे द्यायचे ते, दोन्ही एकच. देणाऱ्याच्या हातून भेट पुरी होते तेव्हा भेट घेणाराही त्याच कागदावर उभा राहिलेला असतो.

'फॅन आर्ट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चित्रांकडे पाहण्याच्या दोन सवयी अभ्यासकांत रूढ आहेत. एका सवयीनुसार हा बालिश छंद ठरतो आणि समीक्षेच्या कक्षेबाहेर राहतो. दुसऱ्या सवयीनुसार ती संस्कृति-उद्योगाला फुकट मिळालेली जाहिरात ठरते आणि चाहता हा आपल्याच शोषणाचा हौशी कारागीर. दोन्ही भूमिकांत काही तथ्य आहे. दोन्हींत चित्राकडे मात्र कोणी पाहत नाही. चित्र कशाचे आहे, ते काढणाऱ्या हाताने काय निवडले आणि काय सोडले, आणि मुळात वाढदिवस हाच प्रसंग का निवडला, हे प्रश्न त्यांत अनुत्तरितच राहतात. मिकी माउसच्या उदाहरणाने त्यांचा विचार केला तर असे दिसते की कार्टून-पात्राच्या वाढदिवसाला दोन हिशेब जोडलेले असतात. एक मालकीचा आणि दुसरा ग्रहणाचा. एकाच तारखेपासून सुरू होणारे हे दोन हिशेब परस्परविरुद्ध दिशांनी चालतात, आणि चाहत्याचे चित्र त्या विरोधाच्या नेमक्या जागी उभे असते.

२

मिकीची जन्मतारीख म्हणून आज मान्य झालेला दिवस म्हणजे १८ नोव्हेंबर १९२८. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरात 'स्टीमबोट विली' हा ध्वनियुक्त लघुपट प्रेक्षकांपुढे आला. परंतु मिकी कागदावर उतरला होता तो त्याआधी कित्येक महिने. ऑस्वाल्ड हा ससा वॉल्ट डिझ्नीच्या हातून गेला, कारण त्याचे हक्क युनिव्हर्सलकडे होते. त्यानंतर अब आयवर्क्स या सहकाऱ्याने नव्या उंदराचे रूप सिद्ध केले. 'प्लेन क्रेझी' हा मिकीचा पहिला लघुपट मे १९२८मध्ये प्रायोगिक प्रेक्षकांना दाखवलाही गेला होता. तो मूक होता आणि त्याला वितरक मिळाला नाही. पाठोपाठच्या 'द गॅलपिन गाउचो'चीही गत तीच झाली. म्हणजे जन्म मानण्याजोगे प्रसंग निदान तीन होते : पहिले रेखाटन, पहिले खासगी दर्शन आणि पहिले यशस्वी सार्वजनिक दर्शन. पुढे अनेक वर्षे स्टुडिओनेच हा वाढदिवस निरनिराळ्या दिवशी साजरा केला. कंपनीचे अभिलेखागार १९७०मध्ये उभारणारे डेव्ह स्मिथ यांच्या कागदपत्रांच्या शोधानंतर १८ नोव्हेंबर ही तारीख स्थिर झाली.

या निवडीतला गर्भितार्थ लक्षात घेण्यासारखा आहे. निर्मितीचा क्षण, म्हणजे आयवर्क्सच्या पेन्सिलीचा क्षण, जन्म म्हणून स्वीकारला गेला नाही. जन्म झाला तो अंधाऱ्या सभागृहात, अनोळखी प्रेक्षकांच्या हशात. हान्स रॉबर्ट याउस आणि वोल्फगांग इझर यांनी कलाकृतीचे अस्तित्व ग्रहणाशी जोडले ते १९६०-७०च्या दशकांत. एका व्यापारी संस्थेने आपल्या सर्वांत मौल्यवान मालमत्तेची जन्मतारीख ठरवताना त्याच तत्त्वाला अजाणता मान्यता दिली आहे. लेखकाच्या मनात किंवा कागदावर आहे तोवर ते पात्र नसते; कुणीतरी ते ओळखते तेव्हा ते जन्मते.

तथापि याच प्रकाशनाच्या घटनेपासून दुसरा एक काळही मोजला जाऊ लागला. अमेरिकेत १९२८मध्ये लागू असलेल्या कायद्याप्रमाणे प्रताधिकार २८ वर्षांचा असे आणि नूतनीकरणानंतर आणखी २८ वर्षे चाले. त्या हिशेबाने 'स्टीमबोट विली' १९८४च्या अखेरीस सर्वांचा व्हायला हवा होता. १९७६च्या कायद्याने ही मुदत ७५ वर्षांवर नेली, म्हणजे २००३ची अखेर. १९९८च्या कायद्याने त्यात २० वर्षांची भर घातली, म्हणजे २०२३ची अखेर. या शेवटच्या कायद्याला टीकाकारांनी मिकीचेच नाव चिकटवले, यात नवल नाही. त्याच्या घटनात्मकतेला दिलेले आव्हान २००३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. चाहत्याच्या दृष्टीने प्रत्येक वाढदिवस हा पात्राच्या आयुष्यात पडलेली एका वर्षाची भर होता. मालकाच्या दृष्टीने तो हक्काच्या शिलकीतून वजा झालेले एक वर्ष होता, आणि ती वजाबाकी भरून काढण्यासाठी दोनदा कायदा बदलावा लागला. एकाच मेणबत्तीचा उजेड एकाला वाढ म्हणून दिसतो आणि दुसऱ्याला झीज म्हणून.

३

मराठीतला 'वाढदिवस' हा शब्द येथे उपयोगी पडतो. इतर अनेक भाषांत या दिवसाच्या नावात जन्म असतो; मराठीने वाढ पाहिली. मृतांची आणि देवादिकांची मराठीत जयंती होते, वाढदिवस होतो तो जिवंतांचा, कारण वाढू शकतात ते जिवंतच. वॉल्ट डिझ्नी १५ डिसेंबर १९६६ला वारला. त्याची जयंती होऊ शकते. त्याच्या उंदराचा मात्र अजून वाढदिवसच असतो. रोलाँ बार्तने लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली ती याच सुमारास, १९६७-६८मध्ये. पण बार्तच्या विवेचनात लेखकाच्या मृत्यूची किंमत देऊन जन्मतो तो वाचक. येथे लेखकाच्या मागे पात्रच वाढदिवस साजरे करीत राहिले आणि वाचक त्या वाढदिवसाचा यजमान झाला.

प्रश्न असा, की मिकीत वाढते काय? याचे सर्वांत मार्मिक उत्तर समीक्षकाने दिले नाही, जीवशास्त्रज्ञाने दिले. आणि तेही वाढदिवसाची भेट म्हणूनच. मिकीच्या पन्नाशीच्या निमित्ताने स्टीफन जे गूल्डने लिहिलेला निबंध १९७९मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे 'द पांडाज थम' (१९८०) या संग्रहात समाविष्ट झाला. गूल्डने मिकीच्या निरनिराळ्या काळातील चित्रांवर मोजपट्टी लावली. डोक्याच्या लांबीशी डोळ्यांचे प्रमाण २७ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले होते. देहाच्या लांबीशी डोक्याचे प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर. कपाळ फुगले, हातपाय जाड झाले. प्रौढ प्राण्यात बाल्यरूप टिकून राहणे याला जीवशास्त्रात 'निओटेनी' म्हणतात. मिकीची वाटचाल तिच्याही पुढची, म्हणजे प्रौढाकडून बाळाकडे उलटी, होती. मोठे डोके, मोठे डोळे आणि फुगीर गाल दिसताच माणसाच्या मनात वात्सल्य जागे होते, हे कोनराड लोरेंट्सचे निरीक्षण गूल्डने त्यास जोडले. जसजसा मिकीचा स्वभाव सौम्य होत गेला तसतसा त्याचा चेहरा लहान होत गेला. पन्नास वाढदिवसांत तो वाढला होता, पण उलट्या दिशेने.

मूळ मिकी सौम्य नव्हता. 'स्टीमबोट विली'त बोकडाची शेपटी हँडलसारखी फिरवली जाते, तो मांजराला शेपटीला धरून गरगरावतो, दूध पाजणाऱ्या डुकरिणीच्या पिलांना वाद्यासारखे वाजवतो, गायीच्या दातांवर सूर काढतो. स्वतः प्राणी असलेले हे पात्र इतर प्राण्यांना उपकरण म्हणून वापरते. यांतील काही दृश्ये नंतरच्या आवृत्त्यांतून गाळलीही गेली. म्हणून वाढदिवसाचे चित्र काढणाऱ्यापुढचा पहिला निर्णय हा काळाचा निर्णय असतो : कोणत्या वर्षीचा मिकी? हातमोजे नसलेला १९२८चा, 'द ऑप्री हाउस' (१९२९) या लघुपटात हातमोजे घातलेला, की १९३०च्या दशकाच्या अखेरीस डोळ्यांत बुबुळे आलेला? पहिल्याची निवड करणारा चाहता खट्याळ क्रौर्याला परत बोलावतो. शेवटच्याची निवड करणारा वात्सल्याला. काही चित्रांत हे सगळे मिकी एकाच केकभोवती बसलेले असतात. स्टुडिओच्या कथानकांना एरवी न परवडणारे हे दृश्य आहे, कारण आपला नायक पूर्वी कोणी वेगळा होता हे कथानक कबूल करीत नाही. अशा चित्राला भाबडे म्हणणे सोपे आहे. पण एका पात्राचा रूपेतिहास एका चौकटीत मांडणारे ते संहितेचे भाष्यही आहे.

या जन्मोत्सवाची आणखी एक विसंगती एरिअल दोर्फमन आणि आर्मां मात्तेलार यांच्या विवेचनामुळे लक्षात येते. १९७१मध्ये चिलीत प्रसिद्ध झालेल्या डोनल्ड डकवरील पुस्तकात त्यांनी दाखवले की डिझ्नीच्या चित्रकथांतील जग काका-पुतण्यांचे आहे. त्यात आईबाप जवळजवळ नाहीत, जननही नाही. मिकीलाही पुतणे आहेत, मुले नाहीत. ज्या जगात कोणी जन्मत नाही त्या जगातील रहिवाशाचा जन्मदिवस त्या जगाच्या आतून येऊ शकत नाही. तो बाहेरून, पाहणाऱ्याकडूनच यावा लागतो. दोर्फमन-मात्तेलार यांना या जगात विचारसरणीचे अपत्यहीन यंत्र दिसले, आणि ते निदान बरेचसे योग्य होते. पण वाचक या उणिवेवर काय करतो हा प्रश्न त्यांनी मोकळा सोडला. वाढदिवसाचे चित्र हे त्या प्रश्नाचे एक उत्तर आहे : जे जननहीन आहे त्याला वाचक दरसाल स्वतःच्या हाताने जन्म देतो.

४

'जन्म देतो' हे येथे अलंकारिक विधान नाही. शब्दांतून उभे राहिलेले पात्र आणि रेषेतून उभे राहिलेले पात्र यांत अस्तित्वाचाच भेद आहे. कादंबरीतील नायिकेवर चाहत्याने नवी कथा लिहिली, तर ती नायिकेविषयीची कथा होते; मूळ नायिका दुसऱ्या पुस्तकात शाबूत राहते. मिकीचे चित्र मात्र मिकीविषयी नसते, ते मिकीच असते. एका मोठ्या वर्तुळाला दोन लहान वर्तुळे जोडली की तो हजर होतो. मान कुठेही वळली तरी त्याचे दोन्ही कान गोलच दिसतात; घनाकृतीच्या कोणत्याही नियमाने हे शक्य नाही. तो मुळातच कागदावरचा आहे, त्यामागे दुसरा 'खरा' मिकी नाही. मांजराचे चित्र मांजराचे प्रतिनिधित्व करते. मिकीचे चित्र कोणाचेही प्रतिनिधित्व करीत नाही.

कायद्याने हा भेद समीक्षेच्या आधी ओळखला. १९७१मध्ये डॅन ओ'नील आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'एअर पायरेट्स फनीज' या भूमिगत चित्रकथेचे दोन अंक काढले. त्यांत मिकी आणि मंडळी अमली पदार्थांच्या आणि लैंगिक व्यवहारांच्या प्रौढ जगात वावरत होती. डिझ्नी कंपनीने दावा लावला. १९७८मध्ये अपील न्यायालयाने प्रताधिकारभंगाचा निष्कर्ष कायम केला, तो ज्या तर्कावर केला तो तर्क साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. शब्दांतील पात्र पुष्कळदा कल्पनेच्या बाह्यरेषेपलीकडे जात नाही, म्हणून त्याला संरक्षण देणे अवघड. रेखाटलेल्या पात्राला मात्र दृश्य देह असतो, म्हणून त्याला संरक्षण मिळते. विडंबनासाठी मूळ पात्राची आठवण करून देण्यापुरते घेता येते. येथे त्याहून अधिक घेतले गेले, असे न्यायालयाचे म्हणणे. मिकी इतका सर्वपरिचित आहे की त्याची आठवण करून द्यायला फार थोडे पुरे, असाही त्याचा अर्थ होतो. म्हणजे लोकांच्या स्मरणात पात्र जितके खोल रुजलेले, तितका त्यांचा त्याला काढण्याचा अधिकार अरुंद. त्याच वर्षी, १८ नोव्हेंबर १९७८ला, हॉलिवूडच्या पदपथावर मिकीच्या नावाचा तारा बसवण्यात आला. कार्टून-पात्राला तो मान प्रथमच मिळत होता. एकाच वर्षी अधिकृत वाढदिवस पदपथावर साजरा झाला आणि अनधिकृत रेखाटन न्यायालयात हरले.

ओ'नीलच्या चित्रकथेत निदान आक्रमकता होती. १९८९मध्ये फ्लॉरिडातील हॅलंडेल या गावी तीन पाळणाघरांच्या भिंतींवर मिकी, डोनल्ड आणि मंडळी रंगवलेली होती. ती पुसावीत असे कंपनीने फर्मावले आणि ती पुसली गेली. दुसऱ्या स्टुडिओने आपली पात्रे त्या जागी रंगवून देऊन त्या प्रसंगाचा लाभही उठवला. रेषा प्रेमाची की उपहासाची, हा भेद येथे मालकाच्या दृष्टीने निरर्थक ठरला. कारण प्रेमाने काढलेल्या मिकीतही मिकी पूर्णांशाने उपस्थित होता.

या संदर्भात 'मूळ हात' कोणाचा हेही पाहिले पाहिजे. स्टुडिओतील चित्रकाराला पात्राची प्रमाणे आखून दिलेला नमुना-तक्ता पुढ्यात ठेवून काढावे लागे; स्वतःची लकब दडवणे हेच त्याचे कौशल्य. आयवर्क्सने १९३०मध्ये स्टुडिओ सोडला. त्याच वर्षी मिकीची दैनिक चित्रपट्टी फ्लॉइड गॉटफ्रेडसनकडे आली आणि १९७५पर्यंत, सुमारे ४५ वर्षे, ती तोच काढीत होता. पण नाव छापले जाई डिझ्नीचे. डोनल्डच्या चित्रकथा काढणाऱ्या कार्ल बार्क्सचेही तेच. वाचकांना नाव ठाऊक नसताना त्यांनी हात ओळखला होता. 'तो चांगला बदके काढणारा' एवढ्याच खुणेने ते त्याला इतरांपासून वेगळा काढीत, आणि १९६०च्या सुमारास चाहत्यांनीच त्याचे नाव शोधून काढले. पुढची घटना अधिक बोलकी आहे. १९६६मध्ये निवृत्त झालेल्या बार्क्सने १९७१मध्ये चाहत्यांच्या आग्रहावरून आपल्याच बदकांची तैलचित्रे काढायचे ठरवले, तेव्हा त्यासाठी त्याला कंपनीची परवानगी घ्यावी लागली. १९७६मध्ये ती काढूनही घेण्यात आली. ज्याने स्क्रूज मॅकडक हे पात्र निर्माण केले, तो स्क्रूजचे चित्र काढताना कायद्याच्या दृष्टीने कुणाही चाहत्याच्याच पंक्तीला बसला. निर्माता आणि चाहता यांच्यातील सीमा हाताने ठरत नाही, परवानगीने ठरते, हे याहून स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण क्वचितच सापडेल.

५

चाहत्यांच्या निर्मितीचा सैद्धांतिक विचार गेल्या काही दशकांत प्रामुख्याने मिशेल द सर्तोच्या एका रूपकाभोवती फिरला आहे. वाचक हा दुसऱ्याच्या रानात शिकार करणारा चोरटा शिकारी आहे, हे द सर्तोचे १९८०मधील रूपक हेन्री जेन्किन्सने 'टेक्स्च्युअल पोचर्स' (१९९२) या ग्रंथात चाहत्यांना लागू केले. निष्क्रिय ग्राहक या प्रतिमेतून चाहत्याची सुटका करण्याचे मोठे काम या रूपकाने केले. परंतु त्यात एक अडचण आहे. चोरटी शिकार म्हटले की रान दुसऱ्याचे आहे हे आधीच कबूल झाले. वाढदिवसाचे चित्र काढणारा लपतछपत येत नाही. तो पाहुणा म्हणून, भेट घेऊन, पुढच्या दाराने येतो. त्याची कृती शिकारीपेक्षा दानाच्या अधिक जवळची आहे.

दान म्हटले की मार्सेल मोसची आठवण अपरिहार्य ठरते. मोसने १९२५च्या सुमाराच्या आपल्या विवेचनात दाखवले की दान कधीच निरपेक्ष नसते. ते घेणाऱ्यावर परतफेडीचे बंधन घालते. येथे घेणारा परतफेड करू शकत नाही. मग दान पोचते कुठे? त्याचे दोन मार्ग संभवतात. ते इतर चाहत्यांकडे जाते, आणि तेही आपली चित्रे देऊन त्याची फेड करतात. असा एक समाज तयार होतो. आणि ते कंपनीकडेही जाते, कारण पात्राविषयीची आस्था टिकली की त्या पात्राची खेळणी, तिकिटे आणि कपडे खपतात. दुसऱ्या मार्गाने गेलेल्या दानाची कंपनी फेड करते ती केवळ सहनशीलतेने, म्हणजे दावा न लावून. ही सहनशीलता कधीही मागे घेता येते, हे बार्क्सच्या उदाहरणावरून दिसते. तेव्हा फुकट राबणुकीचा आक्षेप पूर्णपणे खोटा नाही. पण त्यामुळे पहिला मार्ग रद्द होत नाही, आणि तो मार्गच समीक्षेच्या अधिक जवळचा आहे.

वाल्टर बेंयामिनने १९३१मधील एका टिपणात मिकीच्या चित्रपटांविषयी एक विलक्षण विचार मांडला होता : माणसाचा स्वतःचा हात, किंबहुना स्वतःचा देहही त्याच्याकडून चोरला जाऊ शकतो, हे येथे प्रथमच पाहायला मिळते, आणि हे मालमत्तेच्या संबंधांचेच चित्र आहे. यांत्रिक पुनरुत्पादनावरील प्रसिद्ध निबंधाच्या आरंभीच्या खर्ड्यांतही मिकीला स्थान होते; अंतिम रूपात ते राहिले नाही. बेंयामिनच्या मांडणीत हाताने केलेली प्रत मूळ कृतीपुढे बनावट ठरते, आणि यंत्राने केलेली प्रत मुळाची प्रभाच नाहीशी करते. चाहत्याच्या चित्रात हा क्रम उलटतो. मूळच यांत्रिक आहे. त्याला प्रभा कधी नव्हतीच. त्याची प्रत हाताने होते तेव्हा, थरथरलेल्या रेषेमुळे, चुकलेल्या कानामुळे, त्या मिकीला एकमेवपण येते. यंत्रयुगाने हातापासून हिरावलेले या लहानशा कृतीत हात काही अंशी परत घेतो.

संस्कृत साहित्यशास्त्रातील साधारणीकरणाची संकल्पना या व्यवहाराचे स्वरूप अधिक नेमकेपणाने सांगते. भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांच्या विवेचनानुसार आस्वादाच्या क्षणी विभावादिकांना 'माझे', 'शत्रूचे' किंवा 'तटस्थाचे' अशी नाती लावताही येत नाहीत आणि नाकारताही येत नाहीत. मालकीच्या व्याकरणातून सुटणे ही रसाची पूर्वअटच आहे. अर्थात ही कल्पना आस्वादाच्या पातळीवरची. ती न्यायालयात चालणार नाही, आणि तशी चालावी असा आग्रहही नको. पण मिकी 'कंपनीचा आहे' हे ज्याला पक्के ठाऊक आहे तोच त्याचे चित्र काढताना तो कोणाचा आहे हे विसरतो, आणि तरीही तो स्वतःचा आहे असा दावा करीत नाही. या मनःस्थितीला कायद्यात शब्द नाही, साहित्यशास्त्रात आहे.

६

हे विवेचन मिकीपुरतेच तर खरे नाही ना, याची कसोटी जपानमधील डोरेमॉनवर घेता येते. मांजराच्या रूपातील या यंत्रमानवाची चित्रकथा १९६९च्या अखेरीस सुरू झाली. पण त्याची जन्मतारीख आहे ३ सप्टेंबर २११२. येथे वाढदिवस प्रकाशनाच्या घटनेशी जोडलेला नाही, म्हणून मालकीचा हिशेब आणि उत्सवाचा हिशेब एका तारखेपासून सुरू होत नाहीत. २०१२मध्ये कावासाकी शहराने, जन्माला अजून १०० वर्षे असताना, त्याला रहिवासाचा विशेष दाखला दिला. जो जन्मलेलाच नाही त्याच्या वाढदिवसाची चित्रे काढताना वाढ किंवा झीज मोजण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र सीमा येथेही आहे. फुजिको एफ. फुजिओ या टोपणनावाने लिहिणारा निर्माता १९९६मध्ये वारला आणि मालिकेला शेवट उरला नाही. तो शेवट एका चाहत्याने २००५मध्ये स्वतः काढून पुस्तिकेच्या रूपाने विकला, हजारो प्रती खपल्या, आणि चित्रे इतकी मुळाबरहुकूम होती की तोच खरा शेवट असा समज पसरू लागला. २००७मध्ये त्या चाहत्याला क्षमा मागून नफ्याचा वाटा द्यावा लागला. चाहत्यांच्या पुस्तिकांविषयी एरवी कमालीची उदार असलेली व्यवस्था विक्रीचा आकडा मोठा झाल्यावर, आणि पात्राला शेवट देण्याचा हक्क कोणाचा हा प्रश्न निघाल्यावर, जागी झाली. जन्म साजरा करायला सर्वांना मुभा आहे, अंत ठरवायला नाही.

१ जानेवारी २०२४ला 'स्टीमबोट विली'तला मिकी प्रताधिकारमुक्त झाला. व्यापारचिन्हाचे हक्क आणि नंतरच्या रूपांवरील हक्क अर्थातच कायम राहिले. त्याच दिवशी त्याला खुनी राक्षस करणाऱ्या भयपटाची झलक प्रसिद्ध झाली. मुक्तीचा पहिला उपयोग असा झाला याचे पुष्कळांना वाईट वाटले. पण त्यात एक धडा आहे. कायद्याने दिलेले स्वातंत्र्य आणि कल्पनेने मिळवलेले स्वातंत्र्य एक नव्हे. कालपर्यंत जे निषिद्ध होते ते करून दाखवणे हा मालकीचाच उलटा स्वीकार आहे. त्या भयपटाला पवित्र मिकीची जितकी गरज आहे तितकी कंपनीलाही नसेल. वाढदिवसाचे चित्र काढणारा चाहता मात्र ती तारीख येण्याची वाट पाहत थांबला नव्हता, आणि ती आल्यावर त्याच्या चित्रात फारसा फरकही पडला नाही.

या चित्रांची बाजू घेताना त्यांचा दर्जा फुगवण्याचे कारण नाही. त्यांतील बहुसंख्य चित्रे ठरीव असतात : केक, फुगे, टोकदार टोपी, हसरा चेहरा. त्यांत प्रतिभेचा शोध घेणाऱ्याला निराश व्हावे लागेल. पण त्यांचे मोल प्रत्येक चित्राच्या नावीन्यात नाही, पुनरावृत्तीत आहे. ज्या पात्राचा देह केवळ रेषेचा आहे, ते रेषा काढली जाते तोवरच असते. स्टुडिओने रेषा थांबवली आणि इतर कोणाला काढू दिली नाही, तर शिल्लक राहील ती पेटीत ठेवलेली फिल्म आणि व्यापारचिन्हांच्या नोंदवहीतील एक आकृती. १९२८च्या सभागृहात मिकीचा जन्म ज्यांच्या हशाने झाला, त्यांच्या वारसांनी पेन्सिल हाती घेतली एवढाच या प्रथेचा अर्थ आहे. समीक्षेने तिच्याकडे वळायचे असेल तर मालकीच्या खटल्यांप्रमाणेच या निनावी कागदांचीही नोंद घ्यावी लागेल : कोणत्या वर्षीचा मिकी कोणी निवडला, कोणत्या दशकात कोणते रूप मागे पडले, कोठे खट्याळपणा परतला. मालकीचा हिशेब संपायचा दिवस कायद्याने ठरतो. दुसरा हिशेब कधी संपेल हे मात्र त्या कागदांवरूनच कळेल, कारण ज्या वर्षी कोणीही हे चित्र काढणार नाही, तो मिकीचा शेवटचा वाढदिवस असेल.